सुई दिसली की मी आडवा

बिनधास्त नाशिककर | सोमवार, रात्री १०:५२

नाव बिनधास्त आणि धागा हा असला. हसायचं ते आत्ताच हसून घ्या.

वय ४३, वजन ८६ किलो. सायकलने दोनदा कसारा घाट चढलोय. रक्ताचं म्हणाल तर विशेष काही नाही, घरात कोंबडी मीच साफ करतो. दुखण्याचंही तसं नाही. दाढ किडली होती तेव्हा आठवडाभर लवंग धरून काढला. पण सुई कातडीत शिरतेय हे नुसतं कळलं तरी माझं काही खरं नसतं. आधी छाती धडधडते. मग एकदम सगळं मंद होतं, जांभई येते, तळहात गार पडतात, कानात शिट्टी वाजायला लागते आणि त्यानंतर आठवते ती थेट लादी.

पहिल्यांदा पाचवीत. धनुर्वाताचं इंजेक्शन, शाळेच्या व्हरांड्यात रांग, टेबलावर स्पिरिटची बाटली. माझा नंबर यायच्या आधी, पुढच्या मुलाला टोचताना बघूनच पडलो. दहावीपर्यंत 'चक्कर' हेच नाव होतं मला. पुढे बायकोच्या बाळंतपणात तिला सलाईन लावताना मी पडलो, सिस्टर तिला सोडून माझ्याकडे धावली. ती अजून पाहुण्यांना सांगते, "बाळंतपण माझं आणि पाय वर यांचे." २०२१ साली कोविडची लस घेतली. नंतर अर्धा तास बसवून ठेवायचे ना, तिथे खुर्चीवरून घसरलो. आजूबाजूच्यांना वाटलं लसच बाधली, दोघं तर न घेताच निघून गेले. त्याचं अजून वाईट वाटतं.

आता मुद्दा. डाव्या जांघेत हर्निया आहे. सर्जन म्हणाले, घाई नाही, पण टाळूही नका. ऑपरेशनआधीच्या रक्त तपासण्यांचा कागद चार महिने पाकिटात आहे, घडीवर फाटायला आलाय. लॅबपर्यंत तीनदा गेलो. पहिल्यांदा पार्किंग नव्हतं. दुसऱ्यांदा गर्दी होती. तिसऱ्यांदा पार्किंगही होतं, गर्दीही नव्हती, तरी परत फिरलो आणि कोपऱ्यावर वडापाव खाल्ला, म्हणजे उपाशीपोटीचा प्रश्नच मिटला.

कुणी यातून गेलंय का? काय केलंत? फक्त 'एवढं काय त्यात' हे लिहू नका, ते मी स्वतःला रोज म्हणतो.

---

कडक चहा | सोमवार, रात्री ११:१०

एवढं काय त्यात? :)

मस्करी सोडा, पण मुंगी चावल्यासारखं असतं हो. मनाची तयारी करायची, दुसरीकडे बघायचं, संपलं. आमच्या आईने ७० व्या वर्षी दोन्ही गुडघे बदलून घेतले, हूं का चूं नाही.

---

माईंची सून | सोमवार, रात्री ११:३४

कडक चहा, ते दुखत नाहीये म्हणून सांगतायत आणि तुम्ही मुंगी चावल्यासारखं म्हणताय. वाचलंत का नीट?

नाशिककर, मी पण तुमच्याच पंगतीतली. लग्न ठरलं तेव्हा रक्तगट माहीत नव्हता, कारण तपासलाच नव्हता. मग दिवस राहिले. गरोदरपणात पळून जाणार कुठे? पहिल्या भेटीतच एचबी, थायरॉईड, एचआयव्ही, रक्तगट. मग ते ७५ ग्राम ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी पिऊन दोन तासांनी पुन्हा सुई. माझा गट निगेटिव्ह निघाला, नवऱ्याचा पॉझिटिव्ह, म्हणजे सातव्या महिन्यात अँटी-डीचं इंजेक्शन वेगळंच.

पहिल्या खेपेला मी हसतमुखाने बसले आणि खुर्चीवरून खाली गेले. दुसऱ्या खेपेला सासूबाईंना बरोबर नेलं, तर त्यांनी लॅबवाल्याला आल्या आल्या सांगून टाकलं, "ही पडते. हिला झोपवून घ्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या मुलाने शांतपणे आतल्या खाटेकडे बोट दाखवलं. झोपून घेतलं, घाम आला, गरगरलं, पण शुद्ध गेली नाही. झोपलेला माणूस आणखी पडणार कुठे!

नऊ महिन्यांत किती वेळा टोचलं ते मोजायचं सोडून दिलं. भीती गेली का? नाही. पण आता मी दारातच सांगते, "मी पडते." सासूबाईंचंच वाक्य.

---

सॅम्पलताई | मंगळवार, सकाळी ६:४०

कोल्हापुरात १७ वर्षं लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, आता ड्यूटीला निघता निघता लिहिते आहे. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

पडतं कोण? तुम्हाला वाटेल नाजूक बायका, म्हाताऱ्या. अजिबात नाही. आज्ज्या येतात, पदर सावरतात, हात पुढे करतात, "घे गं बाई" म्हणतात. पडतात ते तुमच्यासारखे दणकट पुरुष. तालमीतला एक पैलवान, मांडीएवढा दंड, शीर दोरीसारखी वर आलेली. मी खूश, म्हटलं अर्ध्या मिनिटात काम. सुई बाहेर काढली आणि गडी माझ्याच अंगावर आला. दोघांना मिळून बाजूला करावं लागलं. त्यानंतर तो दर वेळी येतो आणि काही न बोलता खाटेवर जाऊन पडतो. आम्हीही काही विचारत नाही.

आता कामाचं:

सांगायचं ते नाव नोंदवताना सांगा. पट्टा बांधून झाल्यावर, मूठ वळून झाल्यावर 'मॅडम मला जरा...' असं म्हणतात लोक. तोवर माझ्या हातात उघडी सुई असते, तुम्हाला धरू का सुई सांभाळू? आधी कळलं तर खाट मोकळी करून ठेवता येते आणि शिकाऊ पोरीऐवजी जुनं माणूस देता येतं.

उपाशीपोटी म्हणजे पाण्याशिवाय नाही. चहा नको, दूध नको, पण साधं पाणी चालतं. अर्ध्या तासापूर्वी दोन ग्लास पिऊन या. शीर भरलेली मिळते आणि गरगरायचंही कमी होतं. निम्मे लोक रात्रीपासून घोटभर पाणी न घेता येतात, मग शीर सापडत नाही, मग दोनदा टोचावं लागतं, मग आमच्या नावाने बोंब.

सकाळी सातची वेळ धरा. अकरापर्यंत उपाशी बसून दुसऱ्यांना टोचताना बघण्यात काय हशील?

तुमच्या कागदावर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) असंच काही असणार. जांभळ्या बुचाची ट्यूब सीबीसीची, करडी साखरेची, लाल नाहीतर पिवळी बाकीच्यांना. तीन ट्यूबा दिसल्या की लोक म्हणतात "एवढं रक्त?" सगळं मिळून दोन चमचे होत नाही. आणि ट्यूबा तीन असल्या तरी टोचायचं एकदाच, सुई तीच राहते आणि मागे ट्यूब बदलतो.

बटरफ्लाय सुई मागा. दोन पंख असलेली बारीक सुई, पुढे लांब नळी. ट्यूबा हातापासून लांब राहतात, त्यामुळे बघायला कमी लागतं.

आणि आमच्यातलेही काही वाईट बोलतात, 'एवढा मोठा माणूस' वगैरे. ते चूकच आहे. तसं कोणी बोललं तर दुसरं माणूस मागायचं. मागता येतं.

---

बिनधास्त नाशिककर | मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, 'झोपवून घ्या' असं मागता येतं हे मला ४३ वर्षांत माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

---

रजेवरचा डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:२०

जेवण झालंय, झोप येत नाही, तेव्हा थोडं लांबवतो.

नाशिककरांनी 'आधी छाती धडधडते, मग एकदम सगळं मंद होतं' असं लिहिलंय. पुस्तकातलं वर्णन याहून वेगळं नाही. कुत्रा मागे लागला, उंचावरून खाली बघितलं, साप दिसला, तर भीतीने नाडी आणि रक्तदाब वाढतात आणि वाढलेलेच राहतात. म्हणून कुत्र्याला घाबरून सहसा कुणी बेशुद्ध पडत नाही, पळतो. सुई, जखम, रक्त यांच्या भीतीत मात्र दोन पायऱ्या असतात. आधी दोन्ही वाढतात, मग व्हेगस नावाचा मज्जातंतू ब्रेक मारतो. नाडी मंदावते, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त खाली साचतं आणि डोक्याला पुरत नाही. जांभई, घाम, कानातली शिट्टी ही त्याचीच वर्दी. आडवं झालं की डोक्याला रक्त मिळतं आणि शुद्ध येते. शरीर स्वतःला आडवं पाडून स्वतःच इलाज करून घेतं म्हणा. त्यामुळे पडलेल्याला ताबडतोब उठवून बसवू नका. पाय उशीवर ठेवा आणि पाच-दहा मिनिटं पडू द्या.

हे बऱ्याचदा घराण्यात असतं. आईवडिलांत किंवा भावंडांत आणखी कुणी 'पडणारं' आहे का, विचारून बघा.

आता 'दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा' हा सल्ला. ज्यांना नुसती धडधड होते त्यांना तो ठीक. पण जे पडतात त्यांना उलटा बसतो, कारण त्यांचा रक्तदाब आधीच घसरत असतो आणि सैल सोडलं की आणखी घसरतो. त्यांनी करायचं बरोबर विरुद्ध. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात ही रीत बसवली. दंड, मांड्या, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद करकचून आवळायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद सोडायचे, पण पूर्ण ढिलं पडायचं नाही, नेहमीच्या स्थितीत यायचं. असं पाच वेळा. घरी रोज सराव करायचा, म्हणजे लॅबमध्ये आठवतं. ज्या हाताला टोचणार तो मात्र सैल ठेवायचा, नाहीतर सुई जास्त दुखते.

थांबा, नाशिककर, तुम्हाला हर्निया आहे. पोट आवळायचं नाही. मांड्या, पोटऱ्या आणि मोकळा हात एवढंच, तेही श्वास न कोंडता आणि तुमच्या सर्जनना एकदा विचारून. हृदयविकार असलेल्यांनी किंवा ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही त्यांनीही आधी विचारावं.

आणखी एक. सुई बघून चक्कर येते ती ही. धावताना, जिना चढताना किंवा काही कारण नसताना चक्कर येत असेल तर ती या धाग्यातली नव्हे, तिच्यासाठी हृदयाची तपासणी करून घ्यायची.

---

कडक चहा | मंगळवार, दुपारी ३:०१

ठीक, चक्कर खरी, मान्य. मस्करीचं मागे घेतो. पण डॉक्टर, कागद चार महिने पाकिटात ठेवला तो काही व्हेगस मज्जातंतूने ठेवला नाही. आणि वडापाव तर मुळीच नाही.

---

बिनधास्त नाशिककर | मंगळवार, दुपारी ३:१५

लागलं. पण बरोबर आहे.

---

रजेवरचा डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३:४०

कडक चहांनी नेमकं धरलं. चक्कर दहा मिनिटांची असते, टाळाटाळ वर्षांची. दर वेळी परत फिरलं की 'सुटलो' असं वाटतं ना, त्या सुटकेनेच भीतीला खत मिळतं. वडापाव हे बक्षीस झालं. इलाज पायऱ्यापायऱ्यांनी जवळ जाण्याचा: आधी सुईचं चित्र, मग मेडिकलमधून आणलेली बंद पाकिटातली सिरिंज हातात, मग लॅबमध्ये नुसतं जाऊन बसणं, मग रिकामा पट्टा बांधून घेणं. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, मधूनच पळायचं नाही. एकट्याने जमलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक हे फार थोड्या भेटींत करून देऊ शकतात. सरकारची टेलि-मानस सेवाही आहे, १४४१६ वर, मराठीतून बोलता येतं.

---

तात्या सातारकर | मंगळवार, संध्याकाळी ७:१८

तुम्ही तरुण मंडळी नशीबवान. आमच्या लहानपणी गावात डॉक्टर एक, काचेची सिरिंज एक, सुया दोन. पत्र्याच्या डब्यात पाणी घालून स्टोव्हवर उकळायला ठेवायचे. आपण बाकावर बसायचं आणि डब्यातून खडखड आवाज ऐकायचा. सुई एवढी जाड की गाईगुरांची वाटावी, आणि वापरून वापरून बोथट झालेली. भीती नाही वाटायची तर काय!

आणि ती चौदा इंजेक्शनं. मला ११ व्या वर्षी कुत्रं चावलं. चौदा दिवस रोज सायकलच्या दांड्यावर बसवून वडील तालुक्याला न्यायचे. बेंबीच्या भोवती आज इकडे, उद्या तिकडे. पाचव्या दिवसापासून सायकल दिसली की मी गोठ्यात.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी आमच्या गड्याला कुत्रं चावलं आणि त्याने दोन दिवस लपवलं. का, तर 'पोटात चौदा घ्यावी लागतात'. ती लस कधीच बंद झालीय हे गावोगाव अजून माहीत नाही. डॉक्टर, नेमकं सांगा जरा.

---

रजेवरचा डॉक्टर | मंगळवार, रात्री ८:०५

तात्या, बरं झालं काढलंत. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती. आपल्या देशात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आता पोटात काही नाही. दंडातच, आणि सरकारी दवाखान्यांत बहुधा कातडीच्या थरात अगदी थोडी थोडी देतात: पहिल्या दिवशी, मग त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत दिली तर पाच वेळा. चावा खोल असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचावं लागतं. रेबीज एकदा झाला की जवळजवळ कुणी वाचत नाही, म्हणून सुईच्या भीतीने थांबू नये अशी ही एक जागा. चावल्याबरोबर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि निघा. हळद, चुना, मिरची काही भरू नका.

सुईच्या भीतीचा इतिहासही मुंबईत जुना आहे. प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची संस्था त्यांच्याच नावाची. तरी लोक टोचून घ्यायला बिचकतच होते. तेव्हा सरकारचे सोजीर (गोरे शिपाई) प्लेगच्या संशयावरून घरात शिरून माणसं उचलून नेत होते, त्यामुळे नुसत्या सुईला दोष देण्यात अर्थ नाही.

---

ओवीची आई | मंगळवार, रात्री १०:४४

उशिरा आले धाग्यावर. माझी मुलगी नऊ वर्षांची, टाईप वन मधुमेह. दिवसाला चार वेळा इन्सुलिन, शिवाय बोटातून रक्त. म्हणजे आमच्या घरात सुई मिठासारखी रोजची.

सुरुवातीला मला टोचवत नव्हतं. दवाखान्यात सिस्टरने संत्र्यावर शिकवलं, संत्र्याला दिलं, मुलीला देता येईना. नवरा द्यायचा आणि मी बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहायचे. एक दिवस तो गावाला गेला. पर्यायच नव्हता.

इन्सुलिनच्या पेनची सुई चार मिलिमीटरची असते, केसासारखी. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, ती ३२ नंबरची. दंडातल्या लसीला २३ किंवा २५ वापरतात. तिला आता पोट, मांडी कुठे द्यायचं ते ती स्वतः ठरवते, काल कुठे दिलं तेही तिलाच आठवतं. 'कुठे' हा निर्णय तिच्या हातात दिला तेव्हापासून रडणं अर्ध्यावर आलं. द्यायचं की नाही हे विचारायचं नाही, कारण ते द्यायचंच आहे. कुठे, कुणी, आधी का नंतर, एवढं तिचं.

आणि हात जोडून एक विनंती. 'गप बस नाहीतर डॉक्टर सुई देतील' हे म्हणू नका हो. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू माझ्या मुलीला दाखवून त्यांच्या नातवाला म्हणाल्या, "बघ, जास्त चॉकलेट खाल्लं की असं टोचतात." टाईप वन चॉकलेटने होत नाही. आणि सुई ही शिक्षा नाही, ती तिचा श्वास आहे. त्या दिवशी मी लिफ्टमध्ये पहिल्यांदा कुणावर तरी ओरडले.

'दुखणार नाही' असंही खोटं सांगू नका. 'थोडं दुखेल, पाच आकडे मोजेपर्यंत' म्हणा आणि पाचला थांबा. तान्ह्यांना लस देताना आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर उभं घ्यायचं, अंगावर पीत असेल तर पाजत पाजत. हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली सांगितलंय, आमच्या सिस्टर मात्र त्याआधीपासून करत होत्या.

---

दूरदेशीचा पक्या | बुधवार, पहाटे १:५०

लीड्सहून. इथे नर्स सुई टोचताना न चुकता म्हणतात, 'शार्प स्क्रॅच'. कुणीही असो, तेच दोन शब्द. आपल्याकडची मुंगी आणि इथला ओरखडा, दोन्ही खोटे. मला ते ऐकलं की आता टोचणार हे कळतं आणि मी जास्तच आखडतो. हल्ली आधीच सांगतो, न सांगता टोचा, मी मुंज्याबाच्या जत्रेतले पाळणे मोजतोय.

---

नववा मजला | बुधवार, सकाळी ८:३०

सुईचं मला काही नाही, पण एमआरआय! त्या नळकांड्यात सरकवलं आणि ठकठक सुरू झाली, मी हातातला रबरी चेंडू दाबून पाच मिनिटांत बाहेर. पैसे गेले ते वेगळंच. त्यावर कुणी लिहील का?

---

सॅम्पलताई | बुधवार, सकाळी ८:५२

नववा मजला, वेगळा धागा काढा की, हा भरकटेल. तोवर एवढंच: आत जायच्या आधीच डोळ्यांवर रुमाल बांधून घ्या, आत गेल्यावर डोळे मिटून उपयोग नसतो. गुडघ्याचा असेल तर पाय आधी आत जातात, डोकं बहुधा बाहेरच राहतं, तेही विचारून घ्या.

---

भूलवाले काका | बुधवार, रात्री ९:१५

भूलतज्ज्ञ आहे. नाशिककरांच्या ऑपरेशनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

पेशंट मला सगळ्यात जास्त विचारतात ते हे: "ती सुई हातात तशीच ठेवणार का?" नाही. सलाईनसाठी शिरेत जातं ते सुईवर चढवलेलं प्लास्टिकचं मऊ नळकांडं. शिरेत पोचलं की सुई बाहेर काढून फेकतो, आत राहते ती फक्त नळी. हात वाकवला तर आत सुई टोचेल म्हणून लोक रात्रभर हात लाकडासारखा ताठ धरून झोपतात. वाकवा, काही होत नाही. रंगावरून आकार कळतो: गुलाबी २० नंबर, निळी २२, पिवळी २४. निळी चालेल का विचारायला हरकत नाही; ठरवू आम्ही.

लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं बधिर करणारं क्रीम मिळतं. जाड थर लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवून तासभर ठेवावं लागतं. पाच मिनिटं लावून 'काही फरक नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. कातडी बधिर होते, भीती होत नाही, पण निदान एक कारण कमी. लहान बाळांना किंवा काही रक्तविकारांत ते जपून वापरतात, तेव्हा विचारून.

हर्नियाला बऱ्याचदा पाठीत भूल देतो. ती तुम्हाला दिसतच नाही, पाठीमागे असते. आधी सलाईनच्या नळीतून गुंगीचं औषध देता येतं, म्हणजे तुमच्यासाठी खरी सुई एकच, हातातली. दुर्बिणीने करणार असतील तर पूर्ण भूल, मग तोही प्रश्न नाही. फक्त तपासणीला याल तेव्हा 'मी पडतो' हे आम्हाला सांगा. लपवलंत तर टेबलावर अचानक नाडी मंदावते आणि आम्ही कारण शोधत बसतो. आणि उपाशी राहण्याचे नियम लॅबचे इथे लावू नका, पाणी कधीपर्यंत ते आम्ही सांगू तेवढंच.

---

बिनधास्त नाशिककर | पुढच्या आठवड्यातला शनिवार, दुपारी १२:३०

झालं.

क्रमाने सांगतो. बुधवारी मेडिकलमधून सिरिंज आणली. मेडिकलवाल्याने विचारलं काय भरायचंय, म्हटलं काही नाही, बघायचीय. त्याने दोनदा बघितलं माझ्याकडे. ऑफिसच्या टेबलावर स्टॅपलरशेजारी ठेवली. पहिल्या दिवशी तिच्यावर रुमाल टाकला. तिसऱ्या दिवशी तिनेच बाटलीतली शाई भरली पेनमध्ये, हे मुलाने सुचवलं. सोमवारी लॅबमध्ये जाऊन नुसता बसलो, वीस मिनिटं. बुधवारी रिकामा पट्टा बांधून घेतला, तिथली मुलगी हसली पण चांगलं हसली. सर्जनना फोन केला होता, ते म्हणाले पाय आणि हात आवळा, पोट नको.

आज सकाळी सातला, दोन ग्लास पाणी पिऊन, दारातच "मी पडतो". हे दोन शब्द बोलताना जो घाम आला तेवढा नंतर सुईला आला नाही. खाट होती, पंखा होता. मांड्या आवळल्या, सोडल्या. जांभई आली, म्हणजे वर्दी मिळाली, आणखी आवळल्या. बटरफ्लाय सुई, तीन ट्यूबा. पहिली टोच चुकली, शीर सरकली. तिथे मला वाटलं आता गेलो. डोळ्यांसमोर पिवळं झालं, पण गेलो नाही. दुसऱ्या हाताला मिळाली. मग दहा मिनिटं पडून राहिलो आणि बायकोने बाहेरच्या गाडीवरून चहा आणला. वडापाव मुद्दाम खाल्ला नाही, कडक चहा, नोंद घ्यावी.

अजून ऑपरेशन बाकी आहे आणि त्याची भीती जशीच्या तशी आहे. ते लिहीन तेव्हा लिहीन.

पण मधे एक गंमत झाली. डॉक्टरांनी लिहिलं होतं घराण्यात विचारा, म्हणून सिन्नरला आईला फोन केला. आई म्हणाली, "तुझे बाबा? शाळेत देवीची लस टोचायला आले तेव्हा मागची भिंत उडी मारून पळाले होते. त्यांची आईच सांगायची." बाबा ७४ वर्षांचे. त्यांच्या रक्ताची तपासणी आजवर एकदाही झालेली नाही. दर वेळी आज संकष्टी, उद्या अमावस्या, परवा पितृपक्ष. आम्हाला वाटायचं धार्मिक आहेत.

---

कडक चहा | शनिवार, दुपारी १२:४१

नोंद घेतली. पहिली टोच चुकूनही पडला नाहीत, हे भारी.

---

माईंची सून | शनिवार, दुपारी १:०२

बाबांचं पंचांग!! आमच्या सासऱ्यांचं डायबेटिसच्या तपासणीच्या दिवशीच कीर्तन असतं. आता कळलं.

---

बिनधास्त नाशिककर | शनिवार, रात्री ९:४८

संध्याकाळी बाबांना धागा वाचून दाखवला. पैलवानापाशी हसले. तात्यांच्या काचेच्या सिरिंजपाशी गप्प झाले. मग बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिले, आणि जाहिराती लागल्यावर विचारलं, "आडवं पडून घेतात का रक्त?"

---

सॅम्पलताई | रविवार, सकाळी ६:१५

घेतात की. पंख्याखालची खाट मागायची म्हणावं. आणि आदल्या रात्री पाणी बंद करायचं नाही, हे दोनदा सांगा, त्या वयाचे लोक ऐकत नाहीत.

---

बिनधास्त नाशिककर | रविवार, सकाळी ८:३०

गुरुवारी नेतोय. कॅलेंडर त्यांनी स्वतःच उघडून बघितलं. म्हणाले, गुरुवारी काही नाही.